सरकी पेंडीला पर्याय शोधताय? आधी घमेलं मोजा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदापूर तालुक्यात आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी दुधात आहेत, दिवसाला दोन्ही वेळचं मिळून ११६ लिटरच्या आसपास दूध जातं. प्रत्येक गायीला रोज ३ किलो सरकी पेंड आणि ३ किलो गोळी पेंड (कारखान्यातलं तयार खाद्य). वैरणीत २० किलो हत्ती गवत, १२ किलो मक्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेली हिरवी वैरण), २ किलो कडबा. सरकीचं पोतं आता झेपेना. दुकानदार म्हणतो डीडीजीएस (धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला सुका चोथा) न्या, मेहुणे म्हणतात सोयाबीनची डीओसी (तेल काढून घेतलेली पेंड), आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी अझोल्याचा, म्हणजे पाण्यावर वाढणाऱ्या हिरव्या नेच्याचा, व्हिडिओ टाकतं. यातलं नेमकं काय घालायचं?

काय घालायचं ते सांगतोच. पण तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मला सरकीच्या भावापेक्षा महाग वाटलं: "सगळ्यांना सारखंच घालतो, दुजाभाव करत नाही." तुमच्याच आकड्यांप्रमाणे दोन गायी २२ लिटरवर आहेत, तीन १५ च्या घरात आणि तीन ९ वर आल्यात. गव्हाणीत दुजाभाव करावाच लागतो.

हिशेब मांडू. चार-साडेचारशे किलोच्या गायीला नुसतं अंग राखायला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यावर दर लिटर दुधामागे ८५ ते ९० ग्रॅम. म्हणजे ९ लिटरवालीला १,२०० ग्रॅम, १५ लिटरवालीला १,७००, आणि २२ लिटरवालीला जवळजवळ २,४००. आता तुम्ही देता किती? हत्ती गवत आणि मुरघास दोन्ही ओले. पाणी वजा केलं की प्रत्येकी साडेतीन किलोच्या आसपास कोरडा चारा उरतो. त्यात आठ टक्के प्रथिनं धरली तर दोन्ही मिळून ५८० ग्रॅम. कडब्यातून सत्तर मिळाले तर मिळाले. सरकी ३ किलो, २२ टक्क्यांनी ६६० ग्रॅम. गोळी पेंड ३ किलो, २० टक्क्यांनी ६००. एकूण १,९००.

पंधरा लिटरवाल्या गायींचं ठीक चाललंय, थोडं जास्तच जातंय. नऊ लिटरवाल्या तिघी रोज सातशे ग्रॅम प्रथिनं फुकट खातात, म्हणजे त्यांच्या वाट्याची सगळी सरकी गेली. आणि २२ लिटरवाल्या दोघी चार-पाचशे ग्रॅमनं उपाशी आहेत. त्या अंगावरचं मांस मोडून दूध देतायत. तुम्ही लिहिलंय की त्यातली एक व्याल्यापासून खंगलीय आणि माजावर आली नाही. ते इथून आलेलं असू शकतं.

तेव्हा पहिलं काम, तेही नवं काही विकत न घेता: त्या तिघींची सरकी ३ वरून १ किलोवर आणा. एकदम नाही, आठ-दहा दिवसांत. त्यांच्यातली कुणी सात महिन्यांच्या पुढे गाभण असेल तर तिला अर्धा किलो मका भरडा द्या. रोज सहा किलो सरकी वाचली. २२ लिटरवाल्या दोघींना आहे त्यावर प्रत्येकी एक किलो सोया डीओसी चढवा, पण दोन-दोनशे ग्रॅमनं वाढवत. सरकी ३६ रुपये आणि डीओसी ४२ रुपये किलो धरली, तर दिवसाला १३२ रुपये खिशात राहतात. दुधाची वाढ मी यात धरलेली नाही.

जास्तीची प्रथिनं नुसती वाया गेली असती तर मी एवढा लागलोच नसतो. कोटीपोटातले (गायीच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू प्रथिनं फोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून स्वतःची प्रथिनं बांधतात. गाय पुढे हेच जिवाणू पचवते, तिच्या गरजेचा मोठा वाटा तिथूनच भागतो. पण बांधायला त्यांना त्याच वेळी पिष्ट लागतं, मका-ज्वारीचं. ते नसेल तर अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीतून, दुधातून बाहेर पडतो. हे काम करायला गायीची ऊर्जा खर्च होते. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्याला झोंबणारा वास आला, शेण पातळ पडलं आणि गायी दोन-तीनदा उलटायला (गाभ न धरता पुन्हा माजावर यायला) लागल्या, तर मी आधी पेंडीचं माप विचारतो. काही दूध संघ दुधातला युरिया नायट्रोजन तपासून देतात. डेसिलिटरला १० ते १६ मिलिग्रॅम असेल तर ठीक. सतत वर राहिला तर पेंड जास्त होतेय किंवा भरडा कमी पडतोय.

आता पर्यायांकडे येऊ. पेंड पोत्याच्या भावानं तोलू नका, तिच्यातल्या प्रथिनांच्या भावानं तोला. भाव भागिले टक्के, एवढंच गणित. समजा टरफलासकटची सरकी ३६ रुपये आणि प्रथिनं २२ टक्के, तर प्रथिनांचा किलो १६४ रुपयांना पडला. शेंगदाणा पेंड ५० रुपये आणि ४२ टक्के, तर ११९. सोया डीओसी ४२ रुपये आणि ४६ टक्के, तर ९१. मक्याचं डीडीजीएस २२ रुपये आणि २८ टक्के, तर ७९. हे भाव मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या आडतीचे घालून बघा. क्रम बहुतेक हाच येईल.

सरकीवर यात थोडा अन्याय होतो, हे आधीच सांगून ठेवतो. घाणीच्या सरकी पेंडीत सहा-सात टक्के तेल असतं, शिवाय टरफल आणि रुई. म्हणजे तिच्यात ऊर्जाही आहे आणि रवंथाला लागणारा चोथाही. डीओसीतलं तेल काढून घेतलेलं असतं, एक टक्का उरतं. म्हणून सरकी काढून तेवढीच प्रथिनं डीओसीतून दिली की लोक म्हणतात, "फॅट बसला, सरकीच बरी." बसणारच. तुम्ही प्रथिनं भरून काढली, ऊर्जा तशीच सोडून दिली. पंधरा लिटरवाल्या तिघींसाठी मी ३ किलो सरकीच्या जागी असं बसवीन: १ किलो सरकी, ७०० ग्रॅम सोया डीओसी आणि १ किलो २०० ग्रॅम मका भरडा. प्रथिनं साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास तेवढीच राहतात, वजनही जवळपास तेच, आणि मका २५ रुपये धरला तर गायीमागे रोज बारा-तेरा रुपये वाचतात. कुट्टी अगदी बारीक करू नका, कडबा बंद करू नका. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचं (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचं) गणित सांभाळायचं असेल तर फॅट वैरणीच्या धाग्यावर उभा असतो, पेंडीच्या नावावर नाही.

सोयाबीनवरच असताना एक आपल्या भागाची गोष्ट. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकलं गेलं. घरचं सोयाबीन असेल आणि भाव असा पडला असेल, तर ते आडतीत टाकण्याऐवजी गायीला घातलेलं परवडतं. दाण्यात ३८ ते ४० टक्के प्रथिनं आणि १८ ते २० टक्के तेल असतं. पण कढईत खरपूस वास येईपर्यंत भाजून, जाडसर भरडून, आणि मोठ्या गायीला दिवसाला एक-दीड किलोच्या आत. भरड आठवड्यापुरतीच काढायची, नाहीतर तेल खवट होतं आणि गाय तोंड फिरवते. कच्चं सोयाबीन आणि युरिया एका आंबोणात (पेंड-भरड्याच्या मिश्रणात) कधीही नको. कच्च्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं. तुमच्या गोळी पेंडीत युरिया आहे का, हे पोत्याच्या लेबलवर बघा किंवा कंपनीला विचारा. अशा विषबाधेत गाय तासा-दोन तासांत थरथरून आडवी होऊ शकते.

दुकानदाराचं डीडीजीएस. वस्तू वाईट नाही, आणि इथेनॉलमुळे धान्यावरच्या डिस्टिलरी वाढल्यापासून माल भरपूर येतोय. मका आंबवून त्यातलं पिष्ट दारूत गेलं की मूळ दाण्याचा साधारण तिसरा हिस्सा मागे राहतो. म्हणून मक्यातली ९ टक्के प्रथिनं २७-२८ वर जातात, तेलही दुपटीच्या वर. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये तर प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या पुढे. फक्त लक्षात घ्या, दाण्यावर जे बुरशीचं विष होतं तेही याच हिशेबानं तिप्पट होतं. आंबवून आणि उकळून ते जात नाही.

यात माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गोठ्यावर मी डीडीजीएस सुरू करून दिलं. पहिला माल हातात घेऊन पाहिला होता: सोनेरी, मोकळा, ताज्या पावाच्या जवळ जाणारा वास. त्यावर रेशन बांधून दिलं आणि निघालो. जुलैत दुसरी गाडी आली, तीही त्याच पुरवठादाराची. ती मी पाहिली नाही. संकलन केंद्रावर अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे त्याच बुरशीच्या विषाची, तपासणी पट्टी लागली आणि दोन वेळचं दूध परत आलं. गेलो तेव्हा पोती भिंतीला टेकून, फरशीवरच रचलेली होती. खालच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत कोमट लागलं, मूठ बाहेर काढली तर ढेकूळ, आणि ढेकूळ फोडल्यावर हिरवट भुकटी. पोती बाजूला काढल्यावर चौथ्या दिवशी दूध स्वच्छ लागलं, कारण हे विष दुधात जसं दिवसभरात उतरतं तसं खाद्य थांबवल्यावर तीन-चार दिवसांत ओसरतंही. नुकसान गोठेमालकानं सोसलं, मला त्यानं बोल लावला नाही. तेव्हापासून प्रत्येक गाडीचं एक पोतं तरी मधून उघडल्याशिवाय मी माल उतरवू देत नाही.

कायद्यानं दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ ची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, आणि ती ओलांडायला फार खराब माल लागत नाही. शेंगदाणा पेंडीतही हाच धोका, उलट जास्त. गायीला ती सगळ्यात आवडते, पण पावसाळ्यात मी ती सहसा सुचवत नाही. टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी भुकटी) घातला की काहीही चालतं, असा एक समज पसरलाय. बाइंडर काही भाग धरून ठेवतो, बुरशीचं पोतं चांगलं करत नाही.

डीडीजीएसचा रंगही बघा. चॉकलेटी-काळपट आणि जळक्या गुळासारखा वास असेल तर सुकवताना माल करपलाय. प्रयोगशाळेत त्याची प्रथिनं २८ टक्केच दिसतील, पण ती साखरेशी घट्ट बांधली गेलेली असतात. गायीच्या पोटातून जशीच्या तशी शेणात जातात. चांगलं डीडीजीएसही दिवसाला सव्वा-दीड किलोच्या वर एका गायीला नको. जास्त झालं की मक्याचं तेल कोटीपोटातल्या जिवाणूंना जड जातं आणि फॅट उतरतो. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, तेव्हा खनिज मिश्रणात हात आखडू नका. तुमच्याकडे मी पंधरा लिटरवाल्यांच्या ७०० ग्रॅम डीओसीतली ३०० ग्रॅम कमी करून त्याजागी अर्धा किलो डीडीजीएस इथपर्यंतच जाईन, तेही पावसाळा सरल्यावर.

आता अझोला. मला दर आठवड्याला कुणीतरी यावर विचारतंच, म्हणून मागे एका गोठ्यावर तिथल्या घरच्याच वजनकाट्यावर दाखवलं. खड्ड्यातून दोन किलो अझोला काढला, धुतला, पाणी निथळलं आणि पत्र्यावर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे उरलं ते ओंजळभरही नव्हतं, सव्वाशे ग्रॅमच्या आत. अझोल्यात प्रथिनं २०-२५ टक्के असतात हे खरंच आहे, पण ती कोरड्या वजनावर. ओल्या अझोल्यात ९३-९५ टक्के पाणी. म्हणजे दोन किलोतून मिळाली पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनं, सव्वाशे ग्रॅम सरकीतून मिळतात तेवढी. कोंबड्यांना, दोन शेळ्यांना जरूर घाला. २२ लिटरच्या गायीची भूक त्यावर भागवायला निघालात तर खड्ड्यांना पाणी पुरवता पुरवता विहीर आटेल.

त्याच जागेत आणि त्याच पाण्यात लसूण घास (लुसर्न) लावा. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगला पर्याय हाच आहे आणि तो कुणी तुम्हाला सुचवला नाही, कारण त्यात कुणाचं कमिशन नाही. दहा किलो हिरव्या घासात दोन किलो कोरडा भाग आणि त्यात ४०० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम सरकी तुमच्या बांधाच्या आत उगवते, वर कॅल्शियमही देते. राहुरी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवार्षिक वाण आपल्याकडे चांगला रुळलाय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दहा गुंठ्यांना अडीच किलो बी, रायझोबियम (जिवाणू खत) चोळून, फूटभर अंतरावर ओळीत पेरायचं. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, पुढे महिन्याच्या आत एकेक. नीट सांभाळला तर दहा गुंठ्यांत रोजचा वीस-बावीस किलो निघतो. तो दोन्ही मोठ्या गायींना वाटून घाला आणि हत्ती गवत तेवढं कमी करा. बी घेताना अमरवेलीचं बी मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या. एकदा ती पिवळी जाळी घासावर चढली की सगळा पट्टा काढून टाकावा लागतो. आणि दव असताना कापून उपाशी पोटी घालू नका, गाय फुगते. कापून चार तास सुकू द्या, आधी कडबा खाऊ द्या.

बांधावर शेवरी लावता येते. सांगली-मिरजेकडे पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी आणि हादगा पूर्वापार लावतात, त्यांचा पाला जनावरांना जातो. त्या लोकांना कुणी पर्यायी प्रथिनं शिकवायला गेलं नव्हतं. शेवरीच्या पाल्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं. दशरथ घासही चांगला, पोटफुगीची भीती नाही. सुबाभूळ उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेनं एकेकाळी राज्यभर नेली. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, शेपटीचे केस गळायला लागले तर लगेच कमी करा.

बाकीच्यांचं पटकन. तूर-हरभऱ्याची चुनी (डाळ भरडताना उरलेला चुरा) चांगली, पण पंधरा-अठरा टक्केच. ती सरकीला नव्हे, भरड्याला पर्याय. मोहरी पेंड कडवट, अर्ध्या-पाऊण किलोपर्यंत सवयीनं खातात. गुवार कोरमा (गवारीच्या बियांतून डिंक काढल्यावर उरलेला भाग) पन्नास टक्क्यांचा, पण भाजलेलाच घ्या आणि सावकाश चढवा, वासामुळे गायी आंबोण सोडतात. बिअर कारखान्यातला ओला चोथा छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या आजूबाजूचे गोठेवाले छान वापरतात; पण त्यात तीन हिस्से पाणी आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबून वास मारतो. इंदापूरपर्यंत आणलात तर पाण्याचं भाडं भराल. कोंबडखत घालणारे महाभाग मी पाहिलेत, त्यावर बोलत नाही. हाडामांसाची पूड दुभत्या जनावरांना घालायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखल्या गेलेल्या वेड्या गायीच्या रोगामागे गायींनाच गायींची पूड खाऊ घालणं होतं.

सरकी पूर्ण सोडू नका, असंच मी म्हणेन. तिचा भाव जिनिंग जोरात असताना, डिसेंबर-जानेवारीत उतरतो आणि उन्हाळा सरता सरता चढतो. कोरडी, हवेशीर जागा असेल तर तेव्हा दोन-अडीच महिन्यांचा माल भरा, त्याहून जास्त नको. घेताना मूठभर पेंड काचेच्या ग्लासात पाण्यात भिजवा. दहा मिनिटांनी तळाला बसलेली माती आणि वाळू दिसते. काळं टरफल आणि पांढरी रुई स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे. सगळं एकसारखं मातकट झालं तर दुकान बदला. वासरांना मात्र चार महिन्यांपर्यंत सरकी नको. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य मोठ्या गायीचं कोटीपोट बरंचसं निकामी करतं, वासराचं कोटीपोट अजून तयार नसतं. त्यांना डीओसी आणि मका.

बदल करताना चार-चार दिवसांच्या टप्प्यात, दर टप्प्याला चौथा हिस्सा. दूध दोन-तीन दिवस थोडं हललं तर घाबरून जुन्यावर जाऊ नका. आठवडा झाला आणि फॅट दोन पॉइंटांपेक्षा (०.२ पेक्षा) जास्त खाली राहिला, तर भरडा-कडब्याकडे बघा. ज्या गायी गेल्या महिन्यात व्यायल्या असतील त्यांचं आंबोण तूर्त हलवू नका. आणि मुरघास एकदा तपासून घ्या. मी आठ टक्के धरलेत. कणसं भरायच्या आधी कापलेला किंवा उशिरा, वाळलेला असेल तर वरचे सगळे आकडे सरकतील.